अकरा विभाग आणि एक तळं : शाश्वतता पदवीच्या प्रकल्प नोंदी

१२ सप्टेंबर

आज पत्र हातात पडलं. ‘शाश्वतता विषयातील आंतरविद्याशाखीय पदवी अभ्यासक्रम, समन्वयक म्हणून नियुक्ती.’ साडेतीन ओळी आणि खाली सही. पुढच्या शैक्षणिक वर्षी पहिली तुकडी घ्यायची, म्हणजे हातात जेमतेम अकरा महिने. माझंच नाव का, असं विचारल्यावर अधिष्ठाता म्हणाले, “मॅडम, तुमचं रसायनशास्त्र आहे. पर्यावरण म्हणजे शेवटी तेच की.” हे वाक्य मुद्दाम लिहून ठेवते आहे. पुढचे अकरा महिने बहुधा याच समजुतीशी भांडण्यात जाणार.

नोंदवही ठेवायचं कारण साधं आहे. मागे प्रयोगशाळा उभारली तेव्हा कोणी काय कबूल केलं होतं ते ऐनवेळी कुणालाच आठवेना, आणि धूर बाहेर टाकणाऱ्या कपाटाशिवाय आम्ही सहा महिने काढले. या वेळी सगळं तारीखवार.

२० सप्टेंबर

आठवडाभर इतरांनी काय केलं ते वाचत होते. शाश्वततेच्या, म्हणजे निसर्गाचा साठा न संपवता जगण्याच्या, कल्पनेचं वय बरंच आहे. १९७२ची संयुक्त राष्ट्रांची स्टॉकहोम पर्यावरण परिषद, १९८७चा शाश्वत विकासावरचा ब्रुंटलँड आयोगाचा अहवाल, मग १९९० मध्ये फ्रान्समधल्या तालुआर इथे जमलेल्या विद्यापीठप्रमुखांचा जाहीरनामा. त्यात शिकवणं, संशोधन आणि परिसराचा कारभार या तिन्हींत पर्यावरणाची जबाबदारी घ्यायचं वचन आहे. सह्या सोप्या असतात. अभ्यासक्रम कोणी कसे बांधले ते पाहण्यात मला जास्त रस होता.

तीन नमुने वेगळे वाटले. अमेरिकेत मेन राज्यातलं कॉलेज ऑफ द अटलांटिक : १९६९ मध्ये स्थापन झालं, विभागच नाहीत, सगळ्यांना पदवी एकच, ‘मानवी परिस्थितिकी’, म्हणजे माणूस आणि परिसर यांच्या नात्याचा अभ्यास. ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीने २००६ मध्ये उलट वाट धरली आणि शाश्वततेसाठी स्वतंत्र स्कूलच काढलं. जर्मनीतल्या ल्यूनेबुर्गच्या लॉइफाना विद्यापीठात पदवीच्या पहिल्या सत्रात सगळ्यांना एकत्र बसवून हा विषय घेतात, मग पुढे कोणी काहीही शिको. म्हणजे एकाने भिंतीच बांधल्या नाहीत, दुसऱ्याने नवी खोली बांधली, तिसऱ्याने अंगण एक ठेवलं. आमच्याकडे भिंती पक्क्या आहेत आणि नव्या खोलीला पैसे नाहीत. उरलं अंगण.

३ ऑक्टोबर

पहिली बैठक. अकरा विभागांतून तेरा जण आले (दोन विभागांनी दोन-दोन पाठवले, एकमेकांवर लक्ष ठेवायला असावेत). प्रत्येकाने यादी आणली होती. घरी येऊन बेरीज केली : ५७ पेपर, प्रत्येकी ४ श्रेयांक (क्रेडिट), एकूण २२८. पदवीची मर्यादा १२०.

त्याहून वाईट म्हणजे यादीतली नावं. ‘लेखाशास्त्र आणि शाश्वतता’, ‘पदार्थविज्ञान आणि शाश्वतता’, ‘मानसशास्त्र आणि शाश्वतता’. एक अभ्यासक्रम उघडून पाहिला. गेली काही वर्षं चालू असलेलाच पेपर, शेवटी एक घटक चिकटवलेला : ‘शाश्वततेची ओळख, ४ तास’. जुन्या डब्यावर नवं लेबल.

सगळ्यात गमतीचा तासभर नावावर गेला. भाषा विभागाच्या मॅडमनी ‘शाश्वत’ या शब्दालाच हात घातला. म्हणाल्या, शाश्वत म्हणजे ज्याला नाश नाही, जे बदलत नाही. तुमचा सगळा विषय तर बदलाचा आहे. कोणीतरी ‘टिकाऊ’ सुचवलं. त्यावर वनस्पतिशास्त्राचे सर हळूच म्हणाले, “जगात सगळ्यात टिकाऊ काय असेल तर प्लास्टिक.” ‘चिरस्थायी’ हा शब्द सरकारी कोनशिलेवरचा वाटला. शेवटी ‘शाश्वतता’च राहिला, मॅडमचा आक्षेप इतिवृत्तात नोंदवून. मला त्यांचा आक्षेप खरा वाटतो. पहिल्या सत्राची सुरुवात त्यावरूनच करावी, असं मनात आहे.

९ ऑक्टोबर

२२८चे १२० कसे करायचे? कात्री लावायला बसले आणि दोन तासांनी लक्षात आलं की कात्री लावून काही होणार नाही. प्रत्येक विभागाकडून निम्मे पेपर कापले तरी उरेल ती गोधडीच, आणि टाके घालायचं काम विद्यार्थ्यावर सोडलेलं.

एखाद्या तळ्याचा प्रश्न घेऊ. रसायनवाला पाणी तपासेल, अर्थशास्त्रवाला खर्च मांडेल, समाजशास्त्रवाला काठावरच्या लोकांशी बोलेल. तीन अहवाल तयार होतील आणि एका फायलीत लागतील. हे बहुविद्याशाखीय. आंतरविद्याशाखीय केव्हा म्हणायचं? समाजशास्त्रवाल्याने ऐकलेल्या एखाद्या गोष्टीमुळे रसायनवाल्याला आपली नमुना घ्यायची पद्धत बदलावी लागेल तेव्हा. आत्ता हे नुसतं वाक्य आहे. उदाहरण हाताशी नाही.

२०११ मध्ये वीक, विदिकोम आणि रेडमन यांनी मांडलेली, शाश्वतता शिकणाऱ्याला लागणाऱ्या क्षमतांची यादी पुन्हा वाचली : व्यवस्था म्हणून विचार करता येणं, पुढचा अंदाज बांधता येणं, मूल्यांची चर्चा करता येणं, कृतीची आखणी करता येणं, माणसांबरोबर काम करता येणं. पाचही बरोबर. पण विभागप्रमुखांच्या बैठकीत ही यादी वाचली तर जो-तो म्हणणार, हे आमच्याकडे आधीपासूनच आहे.

२४ ऑक्टोबर

दुसरा आराखडा मांडला. पेपरांऐवजी प्रश्न. पाच प्रश्नगट : पाणी, ऊर्जा, अन्न, वस्तू-कचरा, वस्ती. प्रत्येक गट ८ श्रेयांकांचा आणि दोन वेगवेगळ्या विद्याशाखांच्या शिक्षकांनी एकाच वेळी वर्गात उभं राहून शिकवायचा.

भौतिकशास्त्राचे सर शांतपणे ऐकत होते. शेवटी म्हणाले, “मॅडम, एक ना धड, भाराभर चिंध्या. तुमच्या विद्यार्थ्याला उष्मागतिकीचा दुसरा नियम येणार नाही, मागणीचा वक्र काढता येणार नाही, आणि हा जगाला वाचवणार.” खोलीत हशा पिकला, मलाही हसू आलं. पण सर विनोद करत नव्हते. आणि त्यांचं चूक आहे असंही मला म्हणता येईना.

रात्री आकडे पुन्हा मांडले. प्रश्नगट ४०. पायाभूत २०. मूळ विषय ४० : प्रत्येक विद्यार्थ्याने कोणता तरी एक विभाग निवडून त्याचे चाळीस श्रेयांक, त्या विभागाच्या नेहमीच्या मुलांबरोबर, त्यांच्याच परीक्षेला बसून मिळवायचे, सवलत नाही. प्रकल्प १२, ऐच्छिक ८. एकूण १२०. सकाळी सरांना पाठवलं. उत्तर दोन शब्दांचं आलं : “आता बोलू.” त्यांच्याकडून ही मोठीच पावती.

११ नोव्हेंबर

कल्पनेवर कोणाचा आक्षेप उरलेला नाही. आता आडवा आला आहे कार्यभार.

शिक्षकाच्या आठवड्याच्या तासांची नोंद संगणकात होते. एका तासाला एक शिक्षक. दोन नावं टाकली की प्रणाली दोघांना अर्धा-अर्धा तास देते. म्हणजे ज्याने सगळ्यात कठीण तास घ्यायचा, दुसऱ्याच्या विषयाची तयारी करायची, त्याच्या समोर चुकायची तयारी ठेवायची, त्याच्या खात्यावर निम्मं काम. प्रशासनाचं म्हणणं एकाच वाक्यात : “दोघं उभे म्हणजे एक जण मोकळा.” अर्थशास्त्राच्या मॅडम पाणीगट घ्यायला उत्सुक होत्या, त्यांच्या विभागप्रमुखांनी आज सरळ सांगितलं, तास भरत नसतील तर परवानगी नाही.

मला वाटत होतं ज्ञानशाखांमधली दरी तत्त्वज्ञानाची आहे. ती तक्त्यातल्या एका रकान्याची निघाली.

२ डिसेंबर

रकान्यावर उपाय सापडला, आणि तो मला नाही सापडला.

तीन निवेदनं लिहून झाली होती. चौथं द्यायला गेले तर वेळापत्रक कक्षातले कक्षाधिकारी, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेला माणूस, चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, “मॅडम, तुम्ही याला व्याख्यान का म्हणता? प्रात्यक्षिक म्हणा.” प्रात्यक्षिकाच्या तुकडीला दोन शिक्षक लागतात आणि दोघांचेही पूर्ण तास धरले जातात. नियम कित्येक वर्षं जुना, प्रयोगशाळेतल्या सुरक्षिततेसाठी केलेला. प्रात्यक्षिक प्रयोगशाळेतच व्हावं असं त्यात कुठेच लिहिलेलं नाही.

त्यांनी नियमपुस्तिकेचं पान काढून दाखवलं. मी फोटो घेतला. पाचही प्रश्नगट आजपासून कागदोपत्री प्रात्यक्षिक. खरं तर तेच त्यांचं योग्य नाव आहे.

१५ जानेवारी

पायाभूत २० श्रेयांकांत गणित किती, यावर तिसरी बैठक. कला शाखेकडून येणाऱ्या मुलांना कलनशास्त्र (कॅल्क्युलस) लावलं तर ती येणारच नाहीत, आणि काहीच लावलं नाही तर भौतिकशास्त्राचे सर पुन्हा चिंध्यांवर येतील.

मी एक प्रयोग केला. बैठकीला आलेल्या नऊ जणांना कागद दिले. हौदाचं चित्र : वर नळ, खाली छिद्र. नळातून मिनिटाला दहा लिटर येतंय, छिद्रातून पाच लिटर जातंय. आता नळ आहे तिथेच स्थिर ठेवला, आणखी मोठा केला नाही, तर हौदाच्या पातळीचं काय होईल? नऊही जणांनी बरोबर लिहिलं : वाढत राहील. मग कागद उलटवायला सांगितला. माणसाने हवेत सोडलेला कार्बन डायऑक्साइड आजच्या पातळीवर स्थिर ठेवला, तर हवेतल्या प्रमाणाचं काय होईल? पाच जणांनी लिहिलं, स्थिर होईल.

प्रश्न तोच आहे. आपण सोडतो त्यातला साधारण निम्मा जमीन आणि समुद्र शोषून घेतात, बाकीचा हवेत साठतो. हवाई बेटावरच्या मौना लोआ वेधशाळेत १९५८ मध्ये मोजणी सुरू झाली तेव्हा प्रमाण दहा लाखांत ३१५च्या आसपास होतं, आता ४२०च्या पुढे गेलंय. नळ नुसता स्थिर ठेवून हौद थांबत नाही. स्टर्मन आणि बूथ स्वीनी यांनी अमेरिकेतल्या एमआयटीच्या विद्यार्थ्यांवर साठा आणि प्रवाहाचे असेच प्रश्न घालून पाहिले होते, तिथेही चांगले शिकलेले लोक गडबडले होते. त्यामुळे आमच्या पाच जणांना लाज वाटायचं कारण नाही. (त्यातले एक गणिताचे. नाव लिहीत नाही.)

ठरलं ते असं. पहिल्या सत्रात ‘मोजमाप’ नावाचा पेपर, सगळ्यांना सक्तीचा. साठा आणि प्रवाह, किलोवॉट आणि किलोवॉट-तास यांतला फरक, दशपटींचा अंदाज, मोजणीतली चूक किती धरायची. कलन नाही. पण कलनाच्या मुळाशी जे आहे ते सगळं.

६ फेब्रुवारी

पाणीगटाची सहा आठवड्यांची चाचणी घ्यायला परवानगी मिळाली. विद्यार्थी चोवीस, सगळे स्वेच्छेने आलेले, विज्ञान, वाणिज्य, कला मिसळून. शिकवायला मी आणि समाजशास्त्राचे सर. विषय : आवारातलं तळं.

१८ मार्च

चाचणीचा दुसरा आठवडा. आज पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन मोजला. दुपारी दोनला काठावर टेबल मांडलं, विंकलरची पद्धत. ३०० मिलिलिटरची बाटली बुडबुडा न येऊ देता भरायची, मँगनीज सल्फेट, मग आयोडाइड असलेलं अल्कधर्मी द्रावण, बूच लावून उलटसुलट करायची. ऑक्सिजन असेल तर तपकिरी साका खाली बसतो. वाणिज्यच्या एका मुलाने आयुष्यात पहिल्यांदा असा साका पाहिला आणि “चहा झाला!” म्हणून ओरडला. पुढे आम्ल, मग त्यातलं २०० मिलिलिटर घेऊन थायोसल्फेटशी अनुमापन, म्हणजे रंग उडेपर्यंत ते थेंबथेंब घालत मोजायचं. आम्ही वापरतो त्या तीव्रतेला हिशेब सोपा असतो : ब्युरेटमधून, म्हणजे खुणांच्या काचनळीतून, जितके मिलिलिटर गेले तितके मिलिग्रॅम ऑक्सिजन लिटरमागे.

१२.४ गेले. माशांना पाच-सहा पुरतात. मी मुलांच्या वहीत ‘तळ्याची प्रकृती उत्तम’ असं लिहू दिलं आणि खाली सही केली.

२६ मार्च

ही नोंद जरा लांबणार.

समाजशास्त्राच्या सरांनी त्यांच्या गटाला तळ्याच्या आसपास वावरणाऱ्या माणसांशी बोलायला पाठवलं होतं. माळी, फिरायला येणारे, रात्रपाळीचे पहारेकरी. आज वर्गात दोन मुलींनी पहारेकऱ्यांचं बोलणं वाचून दाखवलं. ते म्हणाले होते, “ताई, तुम्ही येता तेव्हा तळं तोंडबिंड धुऊन बसलेलं असतं. पहाटे या. मासे वर येऊन तोंड वासतात, धाप लागल्यासारखे.”

मी खुर्चीत बसले होते ती बसलेच. सव्वीस वर्षं रसायनशास्त्र शिकवते आहे. पंचवीस अंश तापमानाच्या पाण्यात हवेशी समतोल असताना लिटरमागे साधारण ८ मिलिग्रॅम ऑक्सिजन असतो. १२.४ हा आकडा प्रकृती उत्तम असल्याचा नव्हताच, तो तळ्यात शेवाळ माजल्याचा होता. दिवसा उन्हात शेवाळ ऑक्सिजन बनवतं, इतका की पाण्यात मावत नाही. रात्री उजेड नसतो, पण श्वसन चालूच राहतं, शेवाळाचंही आणि तळाशी कुजणाऱ्या गाळाचंही. पहाटेपर्यंत साठा संपत आलेला असतो. हे मी दरवर्षी फळ्यावर लिहिते. आणि नमुना दुपारी दोनला घेतला, कारण प्रात्यक्षिकाची वेळ दुपारी दोनची असते.

वर्गात तसंच सांगितलं. माझी सही चुकली. एका मुलीने विचारलं, “मग मॅडम, खोडू?” म्हटलं, खोडायचं नाही. खाली आजची तारीख घालून लिहायचं.

२८ मार्च

पहाटे साडेपाच. चोवीसपैकी एकवीस आले. पहारेकरी स्वतः विजेरी घेऊन उत्तरेच्या कोपऱ्यापर्यंत पुढे चालत गेले. पाण्यावर सगळीकडे लहान लहान वर्तुळं उठत होती. मासे.

बाटली भरली, दोन्ही द्रावणं घातली, उलटसुलट केली. साका बसला तो जवळजवळ पांढरा, दुधावरच्या सायीसारखा. कोणी काही बोललं नाही. वाणिज्यचा तोच मुलगा म्हणाला, “चहा नाही झाला.” ब्युरेटमधून १.६ गेले आणि निळा रंग उडाला.

समाजशास्त्राचे सर शेजारी उभे होते. त्यांना अनुमापन कशाशी खातात ते माहीत नव्हतं, पण पांढरा साका काय सांगतोय ते कळलं. ९ ऑक्टोबरच्या नोंदीत हाताशी नसलेलं उदाहरण हे असं बाटलीतून आलं, आणि ते माझ्याच खर्चाने यावं हेही ठीकच.

८ एप्रिल

शेवाळाला खाद्य कुठून मिळतंय त्याचा शोध. फॉस्फेट सगळ्यात जास्त उत्तरेच्या कोपऱ्यात, जिथे वसतिगृहाच्या धुण्याच्या जागेचं पाणी उतरतं, आणि दुसरं हिरवळीच्या उताराखाली. हिरवळीचं कोडं अर्थशास्त्राच्या मॅडमच्या गटाने सोडवलं. खत टाकायचं कंत्राट पोत्यांच्या संख्येवर आहे. जितकी पोती, तितकं बिल. मुलांनी तळ्याकडे न बघता करारनामा वाचला आणि फॉस्फेटचा झरा तिथे सापडला.

मग प्रश्न, तळं कोणाचं? उद्यान कक्ष म्हणतो पाणी स्थावर विभागाचं. स्थावर विभाग म्हणतो मासे प्राणिशास्त्राने सोडलेले. वसतिगृह म्हणतं गटार आमच्या आधीपासूनचं आहे. राज्यशास्त्राच्या सरांना आयतंच सापडलं. १९६८ मध्ये गॅरेट हार्डिनने सामायिक कुरणाची शोकांतिका मांडली : प्रत्येक जण आपलं एक जनावर वाढवतो आणि कुरण उजाड होतं. सर म्हणाले, या गोष्टीतले गुराखी एकमेकांशी बोलतच नाहीत, हे तुमच्या लक्षात आलं का? एलिनॉर ऑस्ट्रॉमने पुढे हेच पाहिलं. पाण्याच्या पाटांवर, मासेमारीच्या किनाऱ्यांवर, डोंगरातल्या कुरणांवर लोकांनी आपले नियम आपण केले आणि पिढ्यान्‌पिढ्या पाळले, अशी उदाहरणं तिने १९९०च्या पुस्तकात मांडली. २००९ मध्ये तिला अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. ती मुळात राज्यशास्त्राची, हे सांगताना सरांचा चेहरा बघण्यासारखा होता.

मुलांनी तिन्ही कक्षांच्या माणसांना तळ्याच्या काठी एका बाकावर बसवलं. निष्पन्न फार नाही. खताचा करार नव्याने करताना पोत्याऐवजी क्षेत्रफळ धरायचं एवढं तोंडी ठरलं. लेखी येईल तेव्हा नोंदवीन.

३ मे

चाचणी संपली, अहवाल चालू. दरम्यान ऊर्जागटासाठी आवाराच्या हरितगृह वायूंचा कच्चा हिशेब मांडला जातोय. विज्ञानाची मुलं वीजबिलं आणि जनित्राचं डिझेल घेऊन बसली होती. वाणिज्यची एक मुलगी खरेदीची व्हाउचरं चाळत होती, तिने विचारलं, “मॅडम, एसीत दरवर्षी गॅस का भरावा लागतो? जातो कुठे?”

जातो हवेत. आर-४१०ए हा वायू ओझोनला धक्का लावत नाही, पण शंभर वर्षांच्या मोजणीत एक किलो म्हणजे साधारण २,००० किलो कार्बन डायऑक्साइडइतका तापवतो. दहा किलोची एक टाकी म्हणजे वीस टन. बिलात त्याचं नाव ‘दुरुस्ती व देखभाल’. अशा वायूंचा वापर कमी करायचं ओझोन वाचवण्याच्या माँट्रियल कराराच्या २०१६च्या किगाली दुरुस्तीत ठरलंय, हे मला पाठ आहे. पण आमच्याकडे किती टाक्या लागतात ते विचारायचं मला कधी सुचलं नव्हतं.

१७ मे

परीक्षा विभागाशी दोन तास. त्यांना सीलबंद प्रश्नपत्रिका, एक परीक्षक, एक सांकेतिक क्रमांक हवा. गटाने केलेल्या कामाला गुण कसे द्यायचे हा त्यांचा प्रश्न रास्तच आहे. चाचणीतल्या एका गटात दोघांनी काम केलं आणि चौघांनी फोटोत उभं राहायचं काम केलं, अशी तक्रार माझ्याकडेही आली होती. तोडगा : प्रत्येकाची स्वतंत्र नोंदवही (खाडाखोड चालेल, पान फाडलेलं चालणार नाही), त्या वहीवर एकट्याची तोंडी परीक्षा, आणि परीक्षकांत एक जण ज्याचा तो प्रश्न आहे त्या कक्षाचा. तिसऱ्या मुद्द्यावर भुवया उंचावल्या. माळ्याने पदवीच्या विद्यार्थ्याला प्रश्न विचारायचे? हो, विचारायचे. गुण मात्र द्यायचे नाहीत, इथवर मला मागे यावं लागलं.

२१ जून

विद्या परिषद. आमचा विषय सतरावा. आराखडा, श्रेयांक, कार्यभार हे सगळं मिळून सात मिनिटं. पदवीला बी.ए. म्हणायचं की बी.एस्सी., यावर चाळीस. ठरलं की मूळ विषय ज्या शाखेचा, पदवी त्या शाखेची.

एका सदस्यांनी विचारलं, नोकरी काय मिळणार? मी ऊर्जा-लेखापरीक्षण, पाणी व्यवस्थापन, कंपन्यांचे शाश्वतता अहवाल अशी यादी वाचली; ती खरी आहे, पण वाचताना माझाच आवाज मला सपाट वाटला. तेवढ्यात भौतिकशास्त्राचे सर उठले आणि म्हणाले, “ही मुलं बिल वाचतात आणि बाटलीही वाचतात. मला असा एक माणूस माझ्या विभागात हवाय.” मंजूर.

३० जुलै

प्रवेश चौतीस. मूळ विषय म्हणून सगळ्यात जास्त मागणी अर्थशास्त्राला, रसायनशास्त्राला पाच. राग नाही.

खताचा करार क्षेत्रफळावर झाला, लेखी. वसतिगृहाच्या पाण्याचं ‘विचाराधीन’.

१२ ऑगस्ट

वेळापत्रक भरताना नवी अडचण. पाणीगटाचं पहिलं प्रात्यक्षिक मुद्दाम पहाटे साडेपाचला ठेवलंय. प्रणाली सकाळी आठच्या आधीची वेळ घेतच नाही. लाल अक्षरांत ‘अवैध’ म्हणते. कक्षाधिकाऱ्यांकडे गेले. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, थोडा विचार केला आणि ‘क्षेत्रभेट’ असा प्रकार निवडला. क्षेत्रभेटीला वेळेचं बंधन नाही.

रात्री पहारेकऱ्यांना निरोप दिला. भांडारात बाटल्या मोजल्या : ३०० मिलिलिटरच्या अकरा, त्यातल्या दोघींची बुचं बसत नाहीत. सतरा जोड्यांना निदान आठ आणखी लागतील. मागणीपत्र उद्या सकाळी.